तिसऱ्या बाटलीतला दादा

माझ्या वहिनीला तिच्या कामाच्या ठिकाणी सगळे 'पोटवाली' म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. वाटायचं ते मला वाटायचं. चांगली धडधाकट बाई, नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, घर नेटकं, आणि ही दिवसभर काय करते, तर काचेच्या पोटाला खायला घालते! कुणी विचारलंच तर "ती प्रयोगशाळेत असते" एवढं सांगून मी विषय बदलायचे.

मी तिची नणंद. कपडे लहान-मोठे करून द्यायचं माझं दुकान आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत आहे. लग्न केलं नाही, म्हणून भावाच्या संसारात राहिले, आणि त्या संसारातल्या प्रत्येक गोष्टीवर माझं मत कायम तयार असायचं. माझी जीभ तिखट आहे हे मला माहीत आहे, ते दुसऱ्या कुणी सांगायला नको.

वहिनी तिथे लागली ती बाटल्या धुवायला. बावीस वर्षं तिने दुसऱ्यांचे प्रयोग घासूनपुसून ठेवले. धुता धुता तिला एक सवय जडली. बाटली नळाखाली धरायच्या आधी ती हुंगायची. "ही आंबलीये, ही नासलीये, हिच्यात काहीच झालं नाही," असं आपल्याशीच पुटपुटायची. एकदा तिथल्या मुख्य डॉक्टरबाईंनी ते ऐकलं आणि गंमत म्हणून यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहिलं. दहापैकी नऊ वेळा वहिनीचं नाक बरोबर निघालं. तेव्हापासून पोट तिच्या ताब्यात आलं.

पोट म्हणजे तीन बाटल्या, एकीला एक नळीने जोडलेल्या. पहिली जठर, तिच्यात आम्ल. दुसरी लहान आतडं, तिच्यात पित्त आणि पाचक रस. तिसरी मोठं आतडं, आणि खरी वस्ती तिथे, कारण तिच्यात जंतू. हे जंतू काही बाजारात मिळत नाहीत. त्यासाठी एखाद्या निरोगी माणसाने... आता कसं सांगू, सकाळी उठून एक डबी भरून द्यावी लागते.

दर वेळी असा माणूस शोधताना त्यांची दमछाक व्हायची. त्या खेपेला तर अट अशी होती की वर्षभरात एकही अँटिबायोटिक घेतलेलं नको. वहिनीने जेवताना हे सहज सांगितलं आणि आयुष्यात गोळीच्या वाटेला न गेलेला माझा दादा ताठ बसला.

"मग मी काय वाईट आहे?"

"दादा, शी! जेवतोय ना आपण!"

"अगं, चोपन्न वर्षं जे फुकट घालवलं त्याला आज डॉक्टर मागणी घालतायत. माझ्या पोटाला नोकरी लागतेय, आणि तू नाक मुरडतेस?"

दोन दिवसांनी नवा शर्ट घालून, भांग पाडून, डबी हातात धरून तो स्वतः पोचवायला गेला. तिथल्या कागदावर ऐटीत सही केली. पगार किती आणि रजा किती, हेही विचारून आला म्हणे. सगळी प्रयोगशाळा दोन दिवस हसत होती.

त्या बाटल्यांना खायला घालायचं होतं ते शेवाळ. डबक्यावर साचतं ते नव्हे. टाकीत, दिव्यांच्या उजेडात वाढवलेलं, ज्याचा एकेक कण साध्या डोळ्यांना दिसत नाही असं. वाळवून त्याची हिरवीगार भुकटी केलेली होती. त्यातली बरीचशी कर्बोदकं आपल्याला स्वतःला पचवता येत नाहीत. जठरातून जातात, लहान आतड्यातून जातात, जशीच्या तशी. पुढे मोठ्या आतड्यातले जंतू ती खातात का, आणि खाल्ली तर पोटाचं काही भलं होतं की नुसता गॅस होतो, एवढं पाहायचं होतं. आठ आठवडे, दिवसातून तीन वेळा भरवायचं, एकही वेळ चुकवायची नाही.

अकराव्या दिवशी दादा गेला.

सुट्टीची दुपार होती. वहिनी पोटाला भरवायला गेली होती, घरात आम्ही दोघंच. त्याच्या छातीत कळ आली. मला म्हणाला, "खिडकी उघड गं, हवा येत नाहीये." खिडकीचं लाकूड फुगून घट्ट बसलं होतं. मी धक्के मारत राहिले, मारत राहिले. ती उघडली तेव्हा दादा नव्हता. नंतर आलेले डॉक्टर म्हणाले, खिडकीचा काही संबंध नव्हता. त्यांना काय जातंय म्हणायला!

वहिनी रडली नाही, आणि जेवलीही नाही. चहा तेवढा घ्यायची. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर ही तयार होऊन दारात.

"कुठे निघालीस?"

"पोटाला भरवायचंय. तीन दिवस त्या संशोधक मुलीने सांभाळलं, आता तिला जमायचं नाही."

माझं डोकंच फिरलं. काय काय बोलले ते लिहीत नाही, माझीच मला लाज वाटते. माझा भाऊ जाऊन चार दिवस नाही झाले आणि हिला काचेच्या बाटल्यांचा कळवळा! ती चपला घालून चालू लागली. मीही पायात चपला सरकवल्या आणि मागोमाग गेले. तिच्या डॉक्टरबाईंसमोर चांगला तमाशा करायचा, असं ठरवूनच गेले.

खोली लहान होती आणि उबदार होती. एका बाजूला खिडकीशी स्टूल, भिंतीवर वेळापत्रक, मधोमध टेबलावर त्या तीन बाटल्या. बाटल्यांभोवती आणखी एक काचेचं कवच, आणि त्यातून कोमट पाणी फिरत होतं. तिसऱ्या बाटलीत गढूळ, तपकिरी पाणी. तळातून एकेक बुडबुडा उठायचा, सावकाश वर यायचा आणि फुटायचा. वहिनीने हिरवं कालवण पहिल्या बाटलीत सोडलं, वेळ लिहिली, आणि मला म्हणाली, "ताई, इथे हात लावा."

मी लावला. काच माणसाच्या अंगाइतकी गरम होती. तापलेल्या नव्हे, बऱ्या माणसाच्या.

"हे तुमच्या दादाचे," वहिनी म्हणाली. "त्यांचं बाकी सगळं गेलं. हे आहेत. रोज खातात."

कसला तमाशा नि कसलं काय! मी त्या स्टुलावर बसले ती दुपारपर्यंत उठले नाही. "किती आहेत गं?" एवढंच विचारलं. वहिनी म्हणाली, "एक चमचा भरून घेतला तर त्यात जगातल्या सगळ्या माणसांहून जास्त." मी दादाला आयुष्यभर एकटा माणूस समजत होते. तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचा, माझ्याशी भांडायचा, झोपेत घोरायचा, आणि तेव्हाही त्याच्या आत एवढी प्रजा नांदत होती! आणि मालक गेला तरी ती आपली जेवणखाण करतच होती.

मग मी रोजच जायला लागले. डॉक्टरबाईंनी आधी भुवया उंचावल्या, पण मी त्यांच्या कोटाची उसवलेली बाही शिवून दिली, संशोधक मुलीच्या कोटाला बटणं लावली, आणि ते स्टूल माझं झालं. बाईंनीच मला एकदा समजावून सांगितलं. शेवाळातली कर्बोदकं म्हणजे लांबच लांब साखळ्या असतात, त्या तोडायला आपल्या शरीराकडे मोजक्याच कात्र्या आहेत. जंतूंकडे मात्र शेकडो तऱ्हेच्या. एक जंतू साखळीचा मोठा तुकडा पाडतो, दुसरा त्याचे बारीक करतो, तिसरा उरलेल्यावर जगतो. या सगळ्या खाण्यातून जे आंबट द्रव्य तयार होतं त्यावर आपल्या आतड्याचं आतलं अस्तर पोसलं जातं. म्हणजे आपण ज्यांना जेवण देतो ते उलट आपल्याला जेवण देतात. कापड कापण्यात माझी हयात गेली, पण असली कापाकापी मी बापजन्मात ऐकली नव्हती!

"पण सगळ्यांच्या पोटात हे होईलच असं नाही हं," बाई म्हणाल्या. "ज्याच्याकडे जी कात्री, त्याला ते कापड."

सुरुवातीला दादाच्या जंतूंना ते कापड काही जमेना. बाटलीला कुजकट वास यायचा. वहिनी म्हणाली, शेवाळातली साखळी सोडून ते प्रथिनं खातायत, म्हणून असा वास. आकडेही तेच सांगत होते. प्रयोगाच्या चोविसाव्या दिवशी तिने नमुना काढला, हुंगला, आणि नळी हातात धरून तशीच उभी राहिली. मग माझ्या नाकाशी आणली. आंबूस वास होता, ताकाच्या भांड्यासारखा.

"शिकले," ती म्हणाली. "यांना जमलं बघा."

दादा गेल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा हलला. मला वाटलं, आता ही जेवेल. कुठलं काय! मी रोज दोघींचा डबा करून न्यायचे, आणि तिचा भाग तसाच परत आणायचे. तिच्या ब्लाउजच्या शिवणी मी एका महिन्यात दोनदा आत घेतल्या. बाटलीची एक वेळ चुकवायची नाही, आणि स्वतः मात्र चहावर! रागावून पाहिलं, हातापाया पडून पाहिलं. "उतरत नाही हो घशाखाली," एवढंच म्हणायची. आठ आठवडे संपले की पोट बंद होणार होतं, आणि मला भीती होती ती त्याचीच. ती बाटली आहे म्हणून ही सकाळी उठते. बाटली गेली की ही पण जाईल, असं मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

आणि सहाव्या आठवड्यात ती बाटली मीच मारायला निघाले.

त्या दिवशी वहिनी हिरवी भुकटी आणायला पलीकडच्या इमारतीत गेली होती. खोलीत मी एकटी, मांडीवर कुणाचा तरी कोट. सहज मान वर केली तर तिसऱ्या बाटलीतला बुडबुडा थांबलेला. मी थांबले. एक मिनिट, दोन मिनिटं. बुडबुडा नाही.

त्या बुडबुड्यांना मी श्वास समजत होते. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवून टाकलं होतं. आणि एकदा ठरवलं की मी कुणाला विचारायला जात नाही, हा माझा जुना रोग. माझ्या कानात दादाचा आवाज आला, हवा येत नाहीये. मी धावले. वरचं रबरी बूच घट्ट होतं, पण या वेळी मी हरले नाही. दातओठ खाऊन ओढलं, आणि निघालं. मग बाटलीच्या तोंडावर हातातल्या कोटाने वारा घालत बसले. "घे रे, घे," म्हणत होते. वीस मिनिटं घातला असेल.

वहिनी दारात आली आणि तिच्या हातातली बरणी खाली पडली.

ती माझ्यावर ओरडली नाही. बूच बसवलं, टेबलाखालचं वायूचं नळकांडं तपासलं. रिकामं झालं होतं, म्हणून बुडबुडे थांबले होते. ते बुडबुडे श्वास नव्हतेच. बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून नायट्रोजन सोडत होते, तो होता. तिने नवं नळकांडं जोडलं, चावी सोडली, आणि मग माझ्याकडे वळली.

"ताई, यांना हवा चालत नाही. हवा म्हणजे विष यांना."

जी हवा दादाला मिळाली नाही म्हणून मी रोज मरत होते, तीच मी त्याच्या उरल्यासुरल्या जिवांवर ओतली होती. मी लहान पोरासारखी रडले. वहिनीने मला पाणी दिलं. मग वहीत लिहिलं, बूच वीस मिनिटं उघडं राहिलं. कुणी उघडलं ते लिहिलं नाही. मी तिच्या हातातून पेन ओढून घेतलं आणि खाली माझं नाव घातलं.

डॉक्टरबाई आल्या, वाचलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. "दुसरा नमुना मागवून पुन्हा..." असं काहीतरी बोलायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. दादाच्या डबीतून गोठवून ठेवलेल्या दोन कुप्या आधीच्याच चाचण्यांत संपल्या होत्या, आणि देणारा आता कुठून आणायचा?

"चार दिवस बघू," त्या म्हणाल्या. "नाही सावरलं तर बंद करू."

दुसऱ्या दिवशी बाटलीला कुजका वास आला. तिसऱ्या दिवशी त्याहून घाण. वहिनी तीन वेळा भरवत होती आणि मी स्टुलावर दगड होऊन बसले होते. घरी गेल्यावर आम्ही दोघीही आता चहावरच. चौथ्या दिवशी सकाळी वहिनीने नमुना काढला, हुंगला, आणि माझ्यापुढे धरला. माझी हिंमत होईना. तिने माझी हनुवटी धरून नळी नाकाखाली आणली.

आंबूस! अगदी पुसट, पण आंबूस!

डॉक्टरबाईंनी आकडे पाहिले आणि त्याही खुर्चीत टेकल्या. म्हणाल्या, त्या गर्दीत काही जंतू असे असतात की त्यांना हवा चालते. आत शिरलेला प्राणवायू त्यांनी आधी खाऊन संपवला. मग कुठे कुठे तग धरून राहिलेले बाकीचे पुन्हा वाढीला लागले, आणि शेवाळाच्या साखळ्या पुन्हा तुटायला लागल्या. "एका बाटलीवरून सिद्ध काही होत नाही," त्यांनी बजावलं, पण आवाज त्यांचाही हलला होता. माझ्या तर अंगावर काटा आला. ज्यांना डोळे नाहीत, कान नाहीत, नावगाव नाही, ते एकमेकांसाठी विष पिऊन टाकतात! बाई म्हणाल्या तसं नसतं ते, ते आपापलं पोट भरत असतात. असेल. मी बघितलं ते मी बघितलं.

पण आठवा आठवडा काही कुणासाठी थांबत नाही. काम झालं की वाफेच्या यंत्रात घालून सगळं नष्ट करायचं, असा नियम. मी हुज्जत घातली. "माझा भाऊ आहे तो! असा कसा शिजवता?" डॉक्टरबाईंनी शांतपणे तो कागद काढला. काम संपल्यावर नष्ट करावे, आणि खाली दादाची ऐटीतली सही. बाईंनी त्या दिवशी आम्हा दोघींकडून एकेक डबी तेवढी मागून घेतली, घरातल्या माणसांशी तुलना करायला म्हणून. एरवी मी आकांडतांडव केलं असतं. त्या दिवशी मुकाट्याने दिली.

यंत्राचं झाकण वहिनीने स्वतः लावलं. कळ दाबली आणि ते थंड होईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग तिने तिन्ही बाटल्या धुतल्या. या वेळी हुंगल्या नाहीत.

नंतरचे तीन आठवडे मला आठवायलाही नकोत. ती कामावर जायची, घरी यायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. हाडं मोजता यायला लागली. मी डबा न्यायचे आणि भरलेला परत आणायचे.

एका सकाळी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. टेबलावर कागद होते, त्यावर रंगीत पट्ट्या. त्यांनी वहिनीला समोर बसवलं.

"तिसऱ्या बाटलीत शेवाळ खायला शिकलेले जे जंतू होते ना, त्यातले निम्म्याहून जास्त तुमच्या पोटात आहेत. त्या जातीचे असं नाही म्हणत मी. तेच. त्याच घराण्याचे. वर्षानुवर्षं एकत्र राहणाऱ्या माणसांत होतं असं. तुमच्या नणंदेतही आहेत, पण थोडे."

"कुणाचे कुणाकडे गेले?" मी विचारलं.

"ते नाही सांगता येत. एकतीस वर्षांच्या संसारात कोण कुणाला काय देतं, याचा हिशेब आमच्या यंत्राला लागत नाही."

वहिनीने त्या पट्ट्यांवर बोट ठेवलं. "म्हणजे ते जिवंत आहेत?"

"तीन आठवड्यांपूर्वी होते. पण बघा, किती रोडावलेत." बाई म्हणाल्या. "त्या बाटलीची आठ आठवड्यांत तुम्ही एक वेळ चुकू दिली नाहीत. यांना काय घातलंत खायला?"

उत्तर मीच दिलं, "चहा."

वहिनीची नजर त्या कागदावरच होती. तिचा हात हळूहळू स्वतःच्या पोटावर गेला आणि तिथेच राहिला. मग ती उठली.

"ताई, डबा आणलाय का?"

"आणलाय की! म्हणजे काय!" घाईघाईत मला झाकणच उघडेना. बाहेरच्या बाकावरच आम्ही बसलो. तिने पहिला घास घेतला, तोंडात घोळवला, गिळला. दुसरा घेतला. आणि मग, भरल्या तोंडाने, इतक्या दिवसांचं सगळं रडू तिला एकदम आलं. जाणारे-येणारे बघत होते. बघू देत.

"सावकाश गं, ठसका लागेल," मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. तिने डोळे पुसले, आपला भात संपवला, आणि माझ्यापुढचाही ओढून घेतला.